समोरच्या बाकावरची झेनिया

झेनिया पालामार मला कधी आवडली नाही. तिलाही मी आवडत नव्हतो. हे वैर आम्ही दोघांनी इतक्या निष्ठेने सांभाळलं की वेर्बातली माणसं त्याच्याकडे गावाच्या मालमत्तेसारखी बघायची, पाण्याच्या टाकीकडे किंवा चर्चच्या घुमटाकडे बघावं तशी.

तिचं शेत माझ्या शेताच्या पूर्वेला. मधून खडीचा सरळ रस्ता जातो. आमच्या सास्काचेवान प्रांतातले रस्ते वळत नाहीत, आणि माणसंही फारशी वळत नाहीत. त्या रस्त्याच्या दोन कडांना आमची दोन फाटकं समोरासमोर उभी. निवडणूक लागली की माझ्या फाटकावर माझ्या पक्षाची पाटी, तिच्या फाटकावर तिच्या. देशाच्या राजधानीत, ओटावाला, सरकार कधी आमचं असे, कधी त्यांचं. पण आमच्या मतदारसंघातून निवडून जायचा तो आमच्याच पक्षाचा माणूस. त्यामुळे गावापुरती झेनिया जन्मभर विरोधी बाकावरच बसलेली होती, आणि तिथे ती शोभायचीही. उंच बाई, रुंद खांदे, आणि आवाज असा की धान्य चढवणारं यंत्र चालू असतानाही माझ्या अंगणात ऐकू यावा. तिचा नवरा दानिलो त्या आवाजाच्या सावलीत सुखाने जगला. दिवसातून चार शब्द बोलायचा, त्यातला एक बहुधा ‘हो’ असायचा.

ती तिच्या पक्षाच्या स्थानिक शाखेची अध्यक्ष होती. अध्यक्ष म्हणजे काय, हे सांगायला हवं. सभेला हॉल उघडणं, खुर्च्या मांडणं, पिरोह्यांत बटाटा भरून त्या उकडणं, पत्रकं वाटणं, आणि खांब ठोकणं. आमच्याकडे घरापासून घर मैलभर लांब. कोण कुणाच्या बाजूचा, हे फाटकावरच्या पाटीवरूनच कळतं. आणि नोव्हेंबर संपता संपता जमीन अशी गोठते की कुदळ आपटली तर ठिणगी उडते. सरकार अल्पमतात असलं की निवडणूक ऐन हिवाळ्यातही येऊन आदळते, मग खांब कुठे रोवणार? म्हणून दर शरदात, बटाटे काढून झाले की झेनिया ट्रॅक्टरला खांब ठोकायचं यंत्र जोडायची आणि तिच्या माणसांच्या फाटकांपाशी दोन दोन खांब ठोकत जायची. पाटी नसलेले नुसते खांब. आम्ही त्यांना ‘झेनियाची कुसळं’ म्हणायचो. पण गाडीतून जाताना ती कुसळं मोजायचोही.

एवढं करून तिला हवं होतं ते एकच, एकदा उमेदवारी. तरुणपणी मागितली, तेव्हा पक्षाने एक शाळामास्तर उभा केला. पुढे एक दंतवैद्य. मग शेतकी कॉलेजातून आलेला एक मुलगा, ज्याला गहू आणि बार्ली उभ्या शेतात ओळखता येत नव्हती. प्रत्येक वेळी ओटावाहून कुणीतरी यायचा आणि म्हणायचा, झेनिया, या वेळी जरा थांबा. ती थांबायची, मास्तरासाठी खांब ठोकायची, दंतवैद्यासाठी पिरोह्या करायची. ते पडायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती मला रस्त्यात गाठून म्हणायची, “हसून घे, ओनुफ्री. तुझे दात तसेही पडत आलेत.”

आमचा खासदार होता ग्लेन मॅकरोरी. आधी तो गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. लंगडी गायसुद्धा अशा आवाजात विकायचा की घेणाऱ्याला वाटावं आपण नशीबवान आहोत. आम्ही त्याला निवडून दिलं, तीनदा. त्याच्याच काळात गावामागचं चराऊ रान सरकारने विकायला काढलं. लहान शेतकऱ्यांची गुरं तिथे आजोबांच्या काळापासून एकत्र चरायची. अर्धं रान विकलं गेलं, त्यावर काटेरी तार आली. अर्धं अजून अधांतरी होतं. मॅकरोरीने सभागृहात हात वर करून त्याला संमती दिली. मी त्याच्यावर चिडलो, आणि पुन्हा त्यालाच मत दिलं. पक्ष म्हणजे पक्ष.

झेनिया मात्र त्याच्या मागे हात धुऊन लागली. प्रत्येक सभेत शेवटच्या रांगेतून उठायची. “मॅकरोरी, माझ्या कालवडी आता कुठे चरायच्या? तुझ्या लॉनवर?” तो हसत लोकांना म्हणायचा, “या बाईंच्या पक्षाचं सगळं धोरण कोबीच्या पानात गुंडाळता येतं.” लोक हसायचे. कोबीत भात गुंडाळून माझ्याही घरी खातात, तरी मीही हसलो होतो.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी आमचं सरकार चार-दोन खासदारांच्या जोरावर कसंबसं उभं होतं. हिवाळ्यात पडणार, असं सगळेच म्हणत होते. झेनियाने जूनमध्येच जाहीर केलं की या वेळी मी उभी राहणार, कुणी थांब म्हणालं तरी. पक्षानेही सांगितलं की उमेदवार सभासद निवडतील, ऑक्टोबरात, वेर्बाच्या हॉलमध्ये. मग ती सुटली. गवत कापायचे दिवस, पेरलेली मोहरी पिवळीजर्द फुललेली, आणि त्या पिवळ्या रानातून तिची जुनी निळी गाडी धूळ उडवत दारोदार सभासद करत फिरतेय, हे मी उन्हाळाभर पाहिलं.

माझ्याही दारात आली.

“सभासद होतोस?”

“तुझ्या पक्षाचा? उन्हाने डोकं फिरलंय का तुझं?”

“मत नको देऊस. नुसता ये आणि बघ, मी कशी निवडून येते ते. तुला रडताना बघायचंय मला.”

“सभागृहात जाऊन करणार काय तू?”

ती गाडीच्या दाराला टेकली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. “उभी राहून विचारणार. राहिलेलं रान कुणाचं, ते. त्या हॉलमधल्या शेवटच्या रांगेतून नाही. तिथून, जिथे उत्तर द्यावंच लागतं.”

ती गेल्यावर धूळ बराच वेळ तरंगत राहिली.

सप्टेंबरच्या अखेरीला, मी मळणीयंत्रावर बसलेलो असताना रेडिओवर बातमी लागली. खासदार ग्लेन मॅकरोरी यांनी सभागृहातली मधली जागा ओलांडली आणि ते विरोधी बाकावर जाऊन बसले. सरकारवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. विरोधी पक्षाच्या नेत्याने त्यांचं स्वागत केलं. देशाचं भलं झालं होतं. मी यंत्र थांबवलं. उभ्या शेतात, उभ्या गव्हात, मी असल्या शिव्या दिल्या की माझ्या आईने थडग्यातून कान झाकले असतील.

दोन दिवसांनी मी दानिलोकडे पंप मागायला गेलो, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात ओटावाचा माणूस बसलेला. ट्रिस्टन नाव. तिशीचा, पायात नवे कोरे गमबूट, दुकानाची चिठ्ठी तेवढी काढलेली. मला बघून तो थांबला. झेनिया म्हणाली, “बोला, हा शत्रूच आहे. शत्रूपासून काय लपवायचं, आता तुमचं आमचं सगळं एकच झालंय.”

“मॅडम,” ट्रिस्टन म्हणाला, “तुमचं योगदान नेत्यांना माहीत आहे.”

“माझं आडनाव माहीत आहे का त्यांना?”

“मॅडम, ही मोठी संधी आहे. एक खासदार तिकडचा कमी, इकडचा एक जास्त. सरकार पाडायला नेमकं हेच हवं होतं. आणि मॅकरोरी आले ते शब्द घेऊनच आले. उमेदवारी त्यांची. सभासदांची निवड आता होणार नाही. नेते थेट नाव जाहीर करतील. नियमात बसतं ते.”

“मी उन्हाळाभर सभासद केले, त्यांना काय सांगू?”

“सांगा, पक्ष जिंकतोय.”

“आणि हे?” तिने कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. मॅकरोरीच्या विरोधातली पत्रकं होती ती. त्याचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात: या माणसाने तुमचं रान विकलं. “तुम्हीच छापून पाठवलीत.”

ट्रिस्टनने गठ्ठ्याकडे बघितलं. “नष्ट करा.”

“माणूस तसाच ठेवायचा आणि कागद नष्ट करायचे?”

“मॅडम, विरोधी पक्षाचं काम शेवटी काय? सत्तेत येणं. बाकी सगळं त्यानंतर.”

“मी तर ऐकलं होतं, समोर बसून प्रश्न विचारणं.”

“प्रश्न विचारून कुणी सरकारात जात नाही.” तो दमून बोलत होता, आणि मला त्याचा राग आला तो त्यामुळेच. तो खोटं बोलत नव्हता. “एकेक जागा जोडून बहुमत होतं. तुम्ही इथे उभ्या राहिलात तर पडाल. ते उभे राहिले तर कदाचित येतील. पुढच्या वेळी तुमचा विचार नक्की होईल.”

“पुढच्या वेळी मी सत्तरीची असेन.”

दानिलो खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, “गमबूट बाहेर काढायचे असतात.” त्या दिवसाचे त्याचे चार शब्द तेवढेच.

आता माझ्या पक्षाचं सांगतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की आम्ही धुतल्या तांदळाचे. त्याच आठवड्यात मला प्रांताच्या राजधानीतून, रेजायनाहून, आमच्या लोकांचा फोन. मॅकरोरी गेला, उमेदवार नाही, वेळ नाही. तुमच्या शेजारी ती बाई आहे ना, चिडलेली? तिला विचारा, आमच्याकडून उभी राहते का. लोकांना आवडेल. बदला म्हणून झकास दिसेल.

मी म्हणालो, “ती तुम्हाला जन्मभर शिव्या देत आलीय.”

“म्हणूनच तर,” फोनवरचा माणूस म्हणाला. त्याचा आवाज थेट ट्रिस्टनसारखा होता. बहुतेक सगळे एकाच शाळेत शिकतात.

मी गेलो. नाही म्हणता आलं नाही मला. ती रस्त्यातच भेटली, ट्रॅक्टरवर. नेहमीसारखी खांब ठोकून परतत होती. मला आश्चर्य वाटलं. “अजून ठोकतेस? त्याच्यासाठी?”

“दर वर्षी ठोकते. तुझं काय काम?”

मी निरोप सांगितला. तिने इंजिन बंद केलं. वारा होता, वाळल्या गवतातून शीळ घालत जाणारा, आणि वर राजहंसांची रांग दक्षिणेला चाललेली. ती वर बघत राहिली. तिला जे हवं होतं ते माझ्या हातात होतं. हो म्हणाली असती तर मी तिच्यासाठी पाटी लावली असती, आणि पुन्हा कधी तिच्याकडे मान वर करून बघितलं नसतं.

“गावजेवणानंतर सांगते,” ती म्हणाली.

आमच्याकडे सुगी संपली की हॉलमध्ये गावजेवण होतं. टर्की, पिरोह्या, कोबीत गुंडाळलेला भात, बीटाचं लोणचं, भोपळ्याची पाई. आजूबाजूच्या चार गावांतली माणसं येतात. त्या दिवशी राजकारण्याने भाषण करायचं नसतं. त्याने कॉफीची किटली घ्यायची आणि टेबलाटेबलाने ओतत फिरायचं. एवढंच, की त्याच्या पक्षाचा इथला अध्यक्ष आधी उभा राहून त्याची ओळख करून देतो. ज्याला त्याच्या हातची कॉफी नको, तो आपला कप उपडा ठेवतो. इतकी वर्षं मॅकरोरीची ओळख मी करून देत होतो.

तो आला. नवा स्वेटर, नव्या पक्षाच्या रंगाचा. हॉल खच्चून भरलेला, पण चमच्यांचा आवाजही कमी झाला. दाराशी ट्रिस्टन फोन उंच धरून उभा, चित्रीकरण करायला. झेनिया स्वयंपाकघरातून आली, हात पुसत. अध्यक्ष होती, टाळता येत नव्हतं. तिचे सगळे सभासद तिच्याकडे बघत होते. काहींना वाटत होतं ती आता किटलीच त्याच्या डोक्यावर ओतेल. मलाही तशी आशा होती.

“हे ग्लेन मॅकरोरी,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी यांची ओळख ओनुफ्रीने करून दिली होती. तीच धरा. माणूस तोच आहे.”

आधी कुणीतरी एक जण खुसकन हसला, मग सगळा हॉल. मॅकरोरीही हसला. लिलाववाला होता, पडलेली बोली उचलायची त्याला सवय. ट्रिस्टनने फोन खिशात टाकला.

आमच्या टेबलावर सगळ्यांनी कप उपडे केले. कुणी कुणाला सांगितलं नाही. तो पुढे गेला. झेनियाच्या टेबलावर तिचा कप सुलटा होता. तिची माणसं चकित झाली, आणि एकेकाने आपापले कप सुलटे केले. तो ओतत ओतत तिच्याजवळ आला आणि वाकला. मी मागच्याच खुर्चीवर होतो.

“झेनिया, खांब ठोकून झाले?”

“झाले.”

“सगळीकडे?”

“दर वर्षी असतात तिथे.”

“मला खात्री होती,” तो म्हणाला. “तुम्ही पक्षाच्या बाई आहात. मी त्या ट्रिस्टनला म्हणालोच, ती चिडेल, पण काम सोडणार नाही.”

“कॉफी गार आहे,” झेनिया म्हणाली.

त्याची चूक तिथेच झाली, आणि ती चूक ओटावाच्या माणसाने केली नसती. तो असल्या बाईवर विसंबलाच नसता, दुसरी माणसं पाठवली असती. मॅकरोरी आमच्यातला होता, म्हणून चुकला. आमच्याकडे माणूस रागावतो, शिव्या घालतो, आणि शेवटी खुर्च्या मांडायला येतोच. त्याने आयुष्यभर हेच बघितलं होतं. झेनियाने तरी दुसरं काय केलं होतं?

जेवणं झाल्यावर ती मागच्या पायऱ्यांवर भांडी घासत होती. मी जाऊन उभा राहिलो.

“नाही,” ती म्हणाली.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, पण तिला कळू दिलं नाही. “विचार कर. तिकडे तुला पुन्हा कुणी विचारणार नाही.”

“माहीत आहे. त्याने केलं तेच मी केलं, तर त्याला शिव्या कुठल्या तोंडाने देऊ? आणि तुझ्या पक्षाच्या पाटीवर माझं तोंड? दानिलो मला घरात घेणार नाही.”

“मग राजीनामा देणार?”

“मी का देऊ? मी कुठे गेले? मी आहे तिथेच आहे.” तिने पातेलं आपटलं. “अध्यक्ष आहे मी. अध्यक्षाची कामं करणार. आता जा, नाहीतर फडकं घे.”

मी फडकं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा ट्रॅक्टर बाहेर पडला, पुढच्या, माती उचलायच्या लोखंडी सुपाला साखळी बांधलेली. पहिलं तिने स्वतःच्या फाटकासमोरचे खांब उपटले. मग पुढे. तिने चोरून काहीच केलं नाही. प्रत्येक दारात थांबायची, खाली उतरायची, आणि विचारायची: “यावर मॅकरोरीचं तोंड लागणार आहे. ठेवायचे की काढू?” काहींनी ठेव म्हटलं. पक्ष जिंकतोय तर खोडा कशाला, म्हणाले. ते खांब तिने तसेच सोडले. बाकीच्यांनी काढ म्हटलं. एका म्हातारीने तिला दारातूनच सुनावलं, “झेनिया, तुझा स्वतःचा हट्ट पुरा करण्यासाठी पक्ष बुडवतेस.” झेनिया म्हणाली, “असेल. ठेवू की काढू?” म्हातारी म्हणाली, ठेव. ते राहिले.

मग थंडी आली. डबकी आधी कडांना दुधाळ झाली, मग काचेसारखी. एका सकाळी जमीन पावलाखाली वाजायला लागली, आणि तिचं तोंड वसंतापर्यंत मिटलं.

आठवड्याभरात सरकार पडलं. विश्वासाच्या ठरावावर मॅकरोरीचा हात विरोधकांकडून वर गेला. ट्रिस्टनचा हिशेब बरोबर निघाला. ट्रक भरून पाट्या आल्या, आणि लावायला खांब नव्हते. शहरातून आलेली मुलं पाट्या गवताच्या भाऱ्यांना बांधायची, बर्फाच्या ढिगात खुपसायची. आमचा वारा त्यांना रात्रीतून उचलून न्यायचा. मॅकरोरीचा चेहरा मी चरात बघितला, तारेवर बघितला, एकदा माझ्या डुकरांच्या खोपटावर बघितला. पाट्यांनी मतं मिळत नाहीत, असं जाणते सांगतात. मिळत नसतीलही. पण इतकी वर्षं जिथे विरोधी पक्षाची पाटी असायची, ते फाटक उघडं दिसलं की शेजारी विचारायचा, का रे बाबा? आणि मग शेजाऱ्याला सगळं सांगावं लागायचं.

मॅकरोरी एकदा तिच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. उणे तीस होतं. मी माझ्या बाजूने बर्फ उपसत होतो. मुद्दामच उपसत होतो.

“तुम्ही म्हणालात खांब आहेत!”

“होते तेव्हा.”

“पक्ष बुडवताय तुम्ही.”

“पक्षाला पोहता येतं. तू नाही का पोहून इकडे आलास?”

“तुम्हाला उमेदवारी मिळाली नाही, म्हणून हे सगळं!”

“हो,” झेनिया म्हणाली. “म्हणूनच. रान विकलंस म्हणून, कोबी म्हणालास म्हणून, आणि मिळाली नाही म्हणून. सगळं लिहून घे आणि तुझ्या नेत्यांना वाचून दाखव.”

त्याने माझ्याकडे बघितलं. जुना माणूस, जुनी ओळख. “ओनुफ्री, तू तरी सांग हिला.”

मी फावडं टेकवलं. “मी तुझी ओळख विसरलो, ग्लेन.”

जानेवारीच्या शेवटी मतं पडली. मॅकरोरी थोडक्या मतांनी पडला. निवडून आला तो आमच्या पक्षाचा ड्वेन, खतं विकणारा, मान खाली घालून बोलणारा एक माणूस. त्याला आम्ही शेवटच्या दिवसांत कुठूनतरी पकडून उभा केला होता. आणि बाकी देशात? बाकी देशात झेनियाचा पक्ष जिंकला. सरकार त्यांचं आलं. वेर्बासारख्या जागा गमावूनही आलं. उमेदवारी तिला दिली असती, तर ती कदाचित पडली असती, नेहमीसारखी. किंवा त्या लाटेत आलीही असती, आणि सरकारी बाकावर बसली असती. हे कुणालाच माहीत नाही, आणि गावात प्रत्येक जण ते माहीत असल्यासारखा बोलायचा.

महिन्याभरात पक्षाने वेर्बाची शाखा बरखास्त केली. झेनियाचं सभासदत्वही काढून घेतलं. तिच्या निम्म्या माणसांनी तिच्याशी बोलणं सोडलं. ती ठेव म्हणणारी म्हातारी चर्चमध्ये तिच्या रांगेतून उठून गेली. मला आनंद झाला का? झाला. आमची जागा राहिली होती.

कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, रिंकला लागून एक छोटं उपाहारगृह आहे. तिथे सकाळी दोन टेबलं भरतात. एक आमचं, एक त्यांचं. मार्चमध्ये एक दिवस त्यांच्या टेबलावर झेनिया एकटीच बसलेली. बाकीचे कुणी तिच्याकडे येत नव्हते. मी जाऊन समोर उभा राहिलो.

“इकडे ये आमच्यात. इथे कोण आहे तुझं?”

“तुमच्यात? मेले तरी नाही.”

“मग मी बसतो इथे.”

“खुर्ची पक्षाची नाही. बस.”

मी बसलो. तिने साखरेची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, “तुझा तो खतवाला आता विरोधी बाकावर आहे ना?”

“आहे. पाठ थोपटून घे स्वतःची.”

“त्याने अजून तोंड उघडलं का?”

“नवा आहे तो.”

“त्याला सांग, राहिलेल्या रानाचं विचार. आमचे लोक विरोधात होते तेव्हा परत देऊ म्हणाले होते. मी स्वतः पत्रकं वाटलीत त्याची. आता फोन केला तर तो ट्रिस्टन म्हणतो, योग्य वेळी.”

“तू विचार ना. तुला विचारायचं होतं.”

“उभं राहून विचारायचं होतं,” ती म्हणाली. “ते गेलं.” कप तिने दोन्ही हातांत धरला होता. “आता तो विचारेल. नुसतं कधी, असं विचारू नको म्हणावं, कधीला ते महिनाभर उत्तर देत बसतील. तारीख विचार. कुठल्या तारखेला ते रान गावाच्या नावावर होणार? आणि तारीख नाही सांगितली, तर दुसऱ्या दिवशी परत विचार. रोज विचार. खाली मान घालून नको. तू सांग त्याला.”

“अगं बाई, तू माझ्या पक्षाला हुकूम सोडतेयस?”

“हो,” झेनिया म्हणाली. “सरकार आमचं आहे.”